खटला संपण्याआधीच कोठडीत मृत्यू: नावापुढे काय लिहावे?

प्रश्न: कोठडीत मरण पावलेल्या व्यक्तींची सूची आम्ही काही कार्यकर्ते तयार करत आहोत. बहुतेकांचा खटला संपलेला नव्हता, म्हणून आम्ही नावापुढे 'आरोपी' लिहिले. एका मृताच्या भावाला तेही मान्य नाही. 'निर्दोष' लिहा, नाहीतर बदनामीची फिर्याद करू, असे त्यांनी कळवले आहे. काय करावे?

उत्तर: फिर्यादीची धास्ती घेऊ नका, पण हरकत मनावर घ्या.

आरोपी मरण पावला की त्याच्यापुरता खटला तिथेच संपतो. न्यायालय त्याला दोषी ठरवत नाही आणि त्याची निर्दोष मुक्तताही करत नाही. म्हणून 'निर्दोष सुटला' असे लिहिता येणार नाही. मात्र गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष मानायचा, हे तत्त्व मृत्यूबरोबर संपत नाही. शिवाय आता त्याला स्वतःची बाजू मांडता येणार नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याची जबाबदारी वाढते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार मृत व्यक्तीचीही बदनामी होऊ शकते. ती हयात असती तर तिच्या लौकिकाला धक्का बसला असता असा मजकूर हवा, आणि जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू हवा. खरोखर आरोप असलेल्या माणसाला 'आरोपी' म्हटल्याने हे सिद्ध होणे अवघड आहे. 'गुन्हेगार' किंवा 'दहशतवादी' असे लिहिले असते, तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो.

तरीही माझे मत असे की माणसाला विशेषण लावूच नका. कोठडी कोणती होती आणि प्रकरण कुठवर आले होते, एवढेच लिहा. तुरुंगातही 'न्यायाधीन बंदी' (खटला चालू असलेला) आणि 'सिद्धदोष बंदी' (शिक्षा झालेला) असा फरक करतात. पोलीस कोठडी, न्यायालयीन कोठडी आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धता (पुढे काही करू नये म्हणून आदेश काढून अडकवून ठेवणे) या तिन्ही निराळ्या गोष्टी आहेत. स्थानबद्ध माणसावर तर त्या आदेशापुरता खटलाच नसतो, त्याला सरसकट 'आरोपी' म्हणणे चूक ठरेल. नोंद अशी करा: 'न्यायालयीन कोठडीत मृत्यू; दोषारोप निश्चित झाले नव्हते.' आरोप कोणता होता ते लपवू नका, पण ते खाली तपशिलात लिहा. एखाद्याला दुसऱ्या खटल्यात पूर्वी शिक्षा झाली असेल, तर ती या प्रकरणात मिसळू नका.

मृत्यू रुग्णालयात झाला म्हणून नाव वगळू नका. एल्गार परिषद प्रकरणात अटक झालेले आदिवासी हक्क कार्यकर्ते फादर स्टॅन स्वामी 5 जुलै 2021 रोजी रुग्णालयात वारले, तेव्हा ते न्यायालयीन कोठडीतच होते आणि खटला प्रलंबित होता. चार वर्षे सुनावणी चाललेली असली तरी नियम हाच. युद्धगुन्ह्यांचा खटला चालू असलेले सर्बियाचे माजी अध्यक्ष स्लोबोदान मिलोसेविच मार्च 2006 मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या कोठडीत वारले आणि कारवाई निकालाविनाच संपली.

मृत्यूच्या कारणाबाबत अधिक जपा. 'आत्महत्या' किंवा 'मारहाणीत मृत्यू' हे कोणाचे म्हणणे आहे ते सांगितल्याशिवाय लिहू नका. नाहीतर उद्या एखादा अधिकारीच फिर्याद करेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 नुसार अशा मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची असते, आणि शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवून हजर राहू द्यायचे असते. त्या चौकशीला आपल्याला बोलावले होते का, हे या भावाला जरूर विचारा. बोलावले नसेल तर तेही नोंदवा. भाऊ निर्दोष होता हे त्यांचे म्हणणे 'कुटुंबीयांच्या मते' असे स्पष्ट सांगून त्याच नोंदीत छापा, आणि तसे त्यांना लेखी कळवा.