स्पंजातले सहा हातांचे ब्रिटल स्टार : बाटल्या वेगळ्या करू नका, मी केल्या होत्या

स्पंजातून निघालेल्या ब्रिटल स्टारबद्दल (तारामाशाचे नातलग, बारीक लवचीक हातांचे छोटे समुद्री प्राणी) तुम्ही विचारलंत. त्या प्रश्नातली "तीन हातांचे सात, पाच हातांचे दोन, सहा हातांचे एकोणीस, म्हणजे किमान तीन जाती धरू का?" ही ओळ वाचली आणि हातातला चहा तसाच राहिला. चौदा वर्षांपूर्वी एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी अगदी हाच हिशेब वहीत मांडला होता, आकडे तेवढे वेगळे. त्यात सरांनी तुम्हाला उद्या हातांच्या संख्येप्रमाणे बाटल्या भरायला सांगितलंय, म्हणून आजच लिहिते. लांबेल, माफ करा. कंटाळा आला तर बाटल्यांचा भाग तेवढा वाचा.

आधीच सांगून ठेवते, मी वर्गीकरणातली तज्ज्ञ नाही. आता शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीत कातळावर फिरते, एवढंच. फोटोवरून ब्रिटल स्टारची जात छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि त्यात मीही आले. पण स्पंजाच्या भोकांत दडलेला, तीन-चार मिलिमीटरची हिरवट चकती, हातांवर गडद पट्टे, आणि सहापैकी तीन हात लांब नि तीन आखूड, एवढं सगळं एकत्र आलं की पहिला संशय ऑफिॲक्टिस सॅव्हिग्नी या जातीवरच जातो.

हे जनावर स्वतःला मधोमध फाडून दोन होतं. अपघाताने नाही, ठरवून. चकतीवर आडवी खाच पडते, आतली बांधणारी ऊती मऊ पडते आणि तीन हात इकडे, तीन तिकडे असे दोन अर्धे एकमेकांपासून चालायला लागतात. माझ्याकडे काचेच्या वाडग्यात एक होतं. रात्री झोपताना खाच दिसत होती, सकाळी वाडग्यात दोन तुकडे, दोन्ही टोकांना. मग प्रत्येक अर्ध्याला कापलेल्या बाजूने तीन नवे हात फुटतात, सुरुवातीला अगदी सुईच्या टोकाएवढे. म्हणजे तुमचे "तीन हातांचे" हे नुकतेच फाटलेले, "तीन मोठे तीन छोटे" हे भरून येत असलेले, आणि "सहा सारखे" हे पुढच्या फाटण्याला तयार. पाच हातांचे दोन मात्र नीट बघा. या जातीत मोठे झालेले काही पाच हातांचे असतात, फाटणं थांबलेलं असतं. पण ती दुसरीच जातही असू शकते, त्यावर पुढे येते.

आता बाटल्या.

मी तीन वेगवेगळ्या डबक्यांतून तीन स्पंज आणले होते. तिन्ही एकाच परातीत झटकले. मग रात्री जागून, मोठ्या अभिमानाने, सगळे ब्रिटल स्टार हातांच्या संख्येप्रमाणे चार पेनिसिलिनच्या बाटल्यांत भरले. जाती अ, ब, क, ड. स्पंजाला वास सुटला होता म्हणून तिन्ही स्पंज वसतिगृहाच्या मागे टाकून दिले. (फॉर्मेलिनचं बोलतच नाही. त्यात चुन्याचा सांगाडा खराब होतो आणि डीएनएही, हे तुम्हाला माहीत असणारच.) चार जाती धरून शॅननचा विविधता निर्देशांक (जाती जास्त तितका आकडा मोठा) काढला. छान मोठा आला. सरही खूश.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी 'जाती क' मधला एक काढला, पेट्रीडिशमध्ये उलटा केला आणि मला सूक्ष्मदर्शकात बघायला सांगितलं. ब्रिटल स्टारचं तोंड खालच्या बाजूला, चांदणीसारखं, प्रत्येक दोन हातांमध्ये एक जबडा. याला जबडेही अर्धेच आणि चकतीची एक कड सुरीने कापल्यासारखी सरळ. त्यांनी एवढंच विचारलं, "ही जात जन्मतःच अर्धी असते का?" वर्गातले दोघे हसले, तो आवाज अजून आठवतो.

पण खरं नुकसान पुढच्या प्रश्नाने झालं : "ठीक आहे, एकच जात धरू. मग कुठला कुठल्या स्पंजातला?" उत्तर नव्हतंच. आणि या प्राण्याच्या बाबतीत सगळी गंमत तिथेच आहे. एका स्पंजातले बरेचसे एकाच पूर्वजाचे तुकडे असू शकतात, म्हणजे दिसायला तीस, वंशाने दोन किंवा तीन. अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांजवळ या जातीवर झालेल्या अभ्यासात नर-मादीचं प्रमाणही एका बाजूला झुकलेलं आढळलं, कारण जो फाटतो त्याच्याच लिंगाची गर्दी वाढत जाते. लहान, फाटणाऱ्या वयातल्यांत बहुधा अंडी-शुक्र काही नसतंच. मोठे झाले की मग पाण्यात सोडतात, आणि त्यांच्या तरंगत्या अळ्या दूरवर जातात. हे सगळं माझ्या परातीत होतं आणि मी ते एका झटक्यात कालवून टाकलं. पुन्हा गोळा करायचं तर पावसाळा तोंडावर, कातळ शेवाळलेले, समुद्र खवळलेला. वर्ष गेलं. त्या वर्षाबरोबर एक शिष्यवृत्तीही गेली, असो.

दरम्यान खात्रीसाठी मी त्या चार बाटल्या एका कार्यालयात पाठवल्या होत्या. नाव घेत नाही. आठ महिने, अकरा फोन. "साहेब दौऱ्यावर आहेत", "नोंदवहीत एंट्री नाही", "पुन्हा अर्ज करा". शेवटी पाकीट आलं. चिठ्ठीवर फक्त वंशाचं (जीनसचं) नाव, जातीची जागा कोरी, आणि चारही बाटल्यांतला माल एकाच बाटलीत, लेबलं गायब. म्हणजे मी जे पहिल्यापासून करायला हवं होतं ते त्यांनी केलं, फक्त लेबलं फेकून. माझं मत ऐकाल तर, तुमच्याकडचे सगळेच्या सगळे नमुने कुठेही पाठवू नका. अर्धे घरी ठेवा. माझा अनुभव जुना आहे, आता सुधारले असतीलही. पण ठेवाच.

ओळखायचं कसं? हात मोजू नका, तोंड बघा. टोकदार सुईने नमुना उलटा करा, जबड्याच्या टोकाकडे बघा. तिथे एकच रुंद दाता असेल आणि कडेला एखाद-दुसरा चपटा खवला, तर ऑफिॲक्टिसच्या घरात आहात. टोकाला दोन दात्यांची जोडी असेल तर तो ॲम्फियुराच्या कुळातला. आणि टोकाला दात्यांचा घोसच असेल, कडेला काही नसेल, हातांवर काचेसारखे लांब काटेरी काटे असतील, तर ऑफिओथ्रिक्सचं कूळ. तुमचे सर "ऑफिओथ्रिक्सची पिल्लं" म्हणाले ना, त्याचा निकाल इथे दोन मिनिटांत लागतो. मग वरून बघा : प्रत्येक हाताच्या मुळाशी दोन मोठ्या ढाली, चकतीच्या त्रिज्येच्या निम्म्याहून लांब. हातावरचे काटे आखूड, बोथट. नलिकापादाच्या (हाताखालच्या नळीसारख्या मऊ पायाच्या) भोकाशी एकच मोठा गोल खवला. खवले कोरडे पडू लागले की उठून दिसतात, म्हणून अल्कोहोलमधून काढून मिनिटभर थांबून बघा. अगदी छोट्या नमुन्यांत दात्यांची संख्या फसवते, तुमच्यातले सर्वांत मोठे पाच आधी घ्या.

तुमचे पाच हातांचे दोन राखाडी-पांढरट असतील तर ॲम्फिफोलिस स्क्वामाटा निघू शकतो. तोही स्पंज-शेवाळात राहतो, तोही चार-पाच मिलिमीटरचा, पण स्वभाव अगदी उलटा. फाटत नाही, एकाच अंगात नर-मादी दोन्ही, आणि पिल्लं चकतीतल्या पिशव्यांत वाढवतो. चकती फुगलेली असेल तर आत इवलीशी पाच हातांची पिल्लं सापडतात. जिवंत असताना अंधारात टोचलं तर हिरवट चमकतो. मुलांना दाखवायला याच्याएवढं भारी काही नाही. १८२८ मध्ये नेपल्सच्या देल्ले किआयेने त्याला नाव दिलं, आणि एका नावाखाली जगभर अनेक जाती लपल्या आहेत असं आता जनुकांवरून दिसतंय.

सहा हातांचे समुद्रपंख्याला (पंख्यासारख्या पसरट प्रवाळाला) गुंडाळलेले दिसले तर ते बहुधा ऑफिओथेला. पंखा तोडून आणू नका, कायद्याने संरक्षित आहे. मालवणच्या बाजूला जाणार असाल तर तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, परवानगीशिवाय शिंपलाही उचलू नये.

नावाचा घोळ. जुन्या भारतीय याद्यांत तुम्हाला ऑफिॲक्टिस सेक्सरेडिया सापडेल, ग्रुबेने १८५७ मध्ये दिलेलं. ती वेगळी जात नाही, आपलीच ही. पण ऑफिओकोमेला सेक्सरेडिया खरोखर वेगळी, डंकनने १८८७ मध्ये म्यानमारजवळच्या मर्गुई बेटांवरून दिलेली. दोन्हींचा अर्थ "सहा किरणांची", दोघीही फाटतात, आणि मी एका परिच्छेदात दोघींची सरमिसळ केली होती. अटलांटिकमधली ऑफिॲक्टिस क्रेब्सी हेही याच जातीचं जुनं नाव. आजचं ग्राह्य नाव वर्ल्ड ऑफिउरॉइडिया डेटाबेसवर तपासा, फुकट आहे. जाती ओळखायच्या किल्लीसाठी १९७१ चा क्लार्क आणि रो यांचा हिंदी-पॅसिफिक उथळ पाण्यातल्या कंटकचर्मींचा (तारामासे, ब्रिटल स्टार वगैरेंचा) ग्रंथ अजूनही चालतो, पण त्यातली काही नावं आता बदललीत.

आणि हो, जातीच्या नावापुढे तिला पहिलं नाव देणारे म्युलर आणि ट्रोशेल, १८४२ हे कंसात लिहा. त्यांनी ही जात ऑफिओलेपिस वंशात टाकली होती, नंतर ती ऑफिॲक्टिसमध्ये आली म्हणून कंस. कंस नसेल तर परीक्षक पहिल्या पानावरच पकडतात. ज्याच्या नावावरून ही जात, तो साव्हिन्यी (आपण सगळे सॅव्हिग्नीच म्हणतो) १७९८ मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेला होता. त्याने एवढी बारीक चित्रं काढून घेतली की आजही बघत राहावंसं वाटतं. पण डोळ्यांच्या आजाराने शेवटची वर्षं अंधाऱ्या खोलीत काढली, चित्रांचा खुलासा ओदुआँ या दुसऱ्या निसर्ग-अभ्यासकाला लिहावा लागला. तुम्ही रात्री एक वाजता सूक्ष्मदर्शकावर बसलाय असं लिहिलंय म्हणून सांगते, दर वीस मिनिटांनी डोळे उचला.

एक जाता जाता. ही जात जवळजवळ सगळ्या उष्ण समुद्रांत आहे. २००२ मध्ये रॉय आणि स्पोनर यांनी जनुकं तपासून दाखवलं की पश्चिम अटलांटिकमध्ये ती माणसाच्या हातून पोचली असावी. जहाजांच्या बुडाला काय काय चिकटतं ते कुठल्याही गोदीत बघा, नवल वाटणार नाही. अर्धा तुकडासुद्धा पोचला तरी पुरतो ना! म्हणून बंदराजवळचे नमुने असतील तर बंदरापासूनचं अंतर लिहून ठेवा. आणि नावात 'सीएफ' (म्हणजे 'याच्याशी ताडून बघा') घालायला लाजू नका. "सॅव्हिग्नीसारखा" म्हणणं हे अज्ञान नाही, निदान मला तरी तसं वाटतं. सरांचं मत वेगळं असेल तर त्यांचं ऐका, गुण त्यांच्या हातात आहेत.

उरलेल्या नमुन्यांसाठी : जिवंत ब्रिटल स्टार थेट अल्कोहोलात टाकलात तर हात टाकून देतो, नावातच आहे ते. समुद्राच्या पाण्यात थोडं थोडं एप्सम सॉल्ट नाहीतर मेंथॉलचे खडे टाकून आधी झोपवा, सुईने डिवचल्यावर हलेनासा झाला की मग. भांगाच्या (पाणी फार न ओसरणाऱ्या) दिवसांत पुन्हा जाऊ नका, काही हाती लागणार नाही. अमावास्या-पौर्णिमेची ओहोटी धरा. प्रत्येक स्पंजाची एक बाटली, मग त्यात तीन हातांचे असोत नाहीतर सहा. प्रत्येकातल्या पाच-सहा जणांच्या एका हाताचं टोक कापून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळं, त्यावरही त्याच स्पंजाचा क्रमांक.

तुम्ही लिहिलंय की स्पंज अजून फ्रीजमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत आहे आणि आई ओरडते आहे. आईला माझ्यातर्फे सॉरी सांगा, पण आज टाकू नका. तो फोडून बघा, माझा अंदाज आहे की आतल्या भोकांत अजून दहा-बारा तरी असतील. कुठल्या डबक्यातला ते पेन्सिलीने कागदावर लिहून कागद बाटलीच्या आत टाका, बाहेर चिकटवू नका.