लिमात सेविचे खायचंय, पण भीती वाटते!

प्रश्न : ताई, आम्ही दोघं पेरूला चाललोय, सेविचे खायचंच आहे पण लिंबाच्या रसात कालवलेला कच्चा मासा म्हणून धाकधूक होते. घरी जमेल का?

उत्तर : अहो बिनधास्त खा, फक्त दुपारी खा. पेरूच्या राजधानीत, लिमात, सेविचेची हॉटेलं मुळात दुपारच्या जेवणाचीच, बरीचशी संध्याकाळच्या आत बंद होतात. लिमातल्या मिराफ्लोरेस भागाजवळ सुर्कियोचं मार्केट आहे, तिथे गर्दीचा स्टॉल बघा, ऑर्डर दिल्यावर समोर मासा कापून लिंबू पिळलं पाहिजे, आधीच कालवून ठेवलेलं असेल तर सरळ पुढे जा. मीठ, आहि लिमो मिरची, कांदा आणि आपल्या कागदी लिंबासारखं छोटं लिंबू, बस्स, ५-१० मिनिटं! खाली उरलेला पांढरट रस, लेचे दे तिग्रे, पिऊनच टाका, सगळी चव त्यातच असते. सोबत उकडलेलं रताळं.

घरी मात्र जपून, लिंबाने मासा पांढरा होतो पण जंत मरत नाहीत, म्हणून उणे २० डिग्रीला ७ दिवस गोठवलेलाच मासा घ्या. आणि धाकधूक गेलीच नाही तर पारिह्वेला मागवा, खेकडा, शिंपल्या, मासा घातलेलं लालभडक तिखट सूप, चांगलं उकळलेलं असतं, मला तर तेच जास्त आवडतं.