तंबूबाहेर छोटी आगगाडी चालवायची, तर वीज कुठून आणावी?

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्ही दोन कुटुंबे भंडारदऱ्याला तंबूत राहण्यासाठी जाणार आहोत. तेथे विजेची सोय नाही. मुलांकडे एचओ मापाचा (खऱ्या गाडीच्या १:८७) आगगाडीचा संच असून तो साध्या १२ व्होल्ट डीसीवर चालतो. दोन्ही संध्याकाळी तंबूबाहेर गाडी चालवायचीच, असा मुलांचा हट्ट आहे. एका मित्राने लहान इन्व्हर्टर घ्यायला सांगितले, तर दुसऱ्याने पॉवर बँक पुरेल असे सांगितले. घरी संगणकाच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी पडून आहे. यांपैकी काय वापरावे?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : आपल्याला हवी असलेली वस्तू आपल्या घरातच आहे. ती यूपीएसची बॅटरी घ्या आणि इन्व्हर्टरचा विचार सोडून द्या.

कारण साधे आहे. घरातला अडॅप्टर २३० व्होल्ट एसीचे रूपांतर सुमारे १२ व्होल्ट डीसीमध्ये करतो आणि रुळांना शेवटी मिळते ते डीसीच. बॅटरीजवळ १२ व्होल्ट डीसी आधीच तयार असताना इन्व्हर्टरने त्याचे २३० व्होल्ट एसी करायचे आणि अडॅप्टरने ते पुन्हा १२ व्होल्टवर आणायचे, हा निव्वळ द्राविडी प्राणायाम आहे. दोन्ही टप्प्यांवर वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी तो स्वतःसाठी काही वॅट खातो. आपली गाडी मुळातच इतकी कमी वीज घेते की, नोकराचा पगार मालकाच्या मिळकतीएवढा व्हावा, तशी गत होते.

आता हिशेब पाहू. अलीकडच्या बनावटीचे एचओ इंजिन चार-पाच डबे ओढताना साधारणपणे पाव ते अर्धा अँपिअर प्रवाह घेते. गाडीचा वेग कमीजास्त करणारा कंट्रोलर धरून सरासरी ०.४ अँपिअर मानले, तर १२ व्होल्टला ते जेमतेम ५ वॅट होतात. रोज तीन तास याप्रमाणे दोन संध्याकाळी गाडी चालली, तर ३० वॅट-तास लागतील. आपल्या बॅटरीत कागदोपत्री ८४ वॅट-तास आहेत. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये हा नियम पाळला, तरी ४२ वॅट-तास हाताशी राहतात. मात्र यूपीएसमध्ये काही वर्षे काढलेल्या बॅटरीची क्षमता बरीच घटलेली असू शकते, म्हणून निघण्यापूर्वी ती पूर्ण भारित करून काही तास तशीच ठेवावी आणि मग मल्टिमीटरने दाब मोजावा. तो १२.६ ते १२.८ व्होल्टच्या दरम्यान असला, तर घरीच गाडी तासभर चालवून पाहावी आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा मोजावे. दाब १२.२ व्होल्टच्या आसपास आला, म्हणजे निम्मी बॅटरी संपली असे समजावे. तासाभरातच ही वेळ आली, तर नवी बॅटरी घेणे श्रेयस्कर.

जोडणीपूर्वी अडॅप्टरवरील बारीक छापील मजकूर वाचावा. तेथे ‘आउटपुट’पुढे १२ व्होल्ट डीसी लिहिले असेल, तर अडॅप्टरच्या जागी बॅटरी जोडून आपला नेहमीचाच कंट्रोलर वापरता येतो, फक्त पिनेची धन-ऋण बाजू तपासून घ्यावी. तेथे एसी लिहिले असेल, तर त्या कंट्रोलरच्या वाटेला न जाता मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून डीसी मोटारीचा वेग कमीजास्त करणारे छोटे पीडब्ल्यूएम मॉड्यूल आणावे. दिशा बदलण्याची कळ असलेले मिळाले तर उत्तमच. ३ अँपिअर क्षमता पुरेशी आहे. अशी मॉड्यूल दाब कमी न करता वीज तुकड्यातुकड्यांनी सोडतात, त्यामुळे इंजिन अगदी सावकाशही न अडखळता चालते. इंजिनातली मोटार कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेल्या) प्रकारची असेल, तर कमी वारंवारतेचे मॉड्यूल टाळावे, कारण तशा मोटारी त्यावर तापतात.

याहून महत्त्वाचा भाग संरक्षणाचा आहे आणि नेमका तोच बहुतेक जण विसरतात. घरचा अडॅप्टर एक-दोन अँपिअरपलीकडे काही देऊ शकत नाही, म्हणून गाडी रुळांवरून घसरून दोन्ही रूळ चाकांनी जोडले गेले, तरी फारसे बिघडत नाही. बॅटरीचे तसे नाही. ही मुठीत न मावणारी, दोन-अडीच किलोची बॅटरी शॉर्ट झाली, तर शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह देऊ शकते आणि त्यात वायरचे आवरण वितळून तंबूचे कापड पेट घेऊ शकते. म्हणून बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत २ अँपिअरचा, मोटारगाडीत वापरतात तसा पात्याचा फ्यूज बसवावाच. यावर कोणतीही तडजोड नको.

प्रत्येक घसरणीला फ्यूज उडाला, तर मुले कंटाळतील. त्यावर जुन्या छंदिष्टांची एक युक्ती अजून उपयोगी आहे. कंट्रोलर आणि रूळ यांच्यामधल्या एका वायरमध्ये मोटारगाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब एकसरीत जोडावा. गाडी नीट चालत असताना बल्बची तार थंड असते, तिचा रोध अत्यल्प असतो आणि गाडीचा वेग जवळपास तसाच राहतो. गाडी घसरून शॉर्ट झाला, की तार तापून रोध वाढतो, बल्ब लख्ख पेटतो आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या आसपास अडतो. अंधारात घसरलेले चाक शोधायलाही तोच उजेड कामी येतो. बल्ब बराच तापतो, तेव्हा तो कापडापासून आणि लहानग्यांच्या बोटांपासून दूर ठेवावा.

आपण मोटारीने जाणार असाल, तर तिच्या चार्जिंग सॉकेटमधूनही गाडी चालेल, परंतु त्या सॉकेटचा फ्यूज सहसा १० ते १५ अँपिअरचा असतो. तेवढ्या प्रवाहाने प्लॅस्टिकचे स्लीपर मऊ पडायला वेळ लागणार नाही. म्हणजे २ अँपिअरचा फ्यूज आणि बल्ब तेथेही हवाच.

पॉवर बँकेचा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॅट-तास असतात आणि ५ व्होल्टचे १२ व्होल्ट करताना त्यातले काही गळतात, तेव्हा एक संध्याकाळ आरामात निघेल. अडचण वेगळीच आहे. प्रवाह फार कमी झाला, की अनेक पॉवर बँका आपोआप बंद होतात. मुलांनी गाडी स्टेशनात पाच मिनिटे उभी केली, की वीज गेलीच, आणि पुन्हा बटण दाबायला उठावे लागते.

रुळांचा घेर मोठा असेल, तर बॅटरीपासून दूरच्या टोकाला इंजिन मंदावते. याचा दोष बॅटरीला देऊ नये. रुळांच्या प्रत्येक जोडात थोडा दाब गळतो. १९२५ साली मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. दाब कमी म्हणून प्रवाह मोठा आणि तारेतली घटही मोठी, त्यामुळे वीज पुरवणारी उपकेंद्रे जवळजवळ ठेवावी लागत. आपल्या १२ व्होल्टना तर हे अधिकच लागू आहे. दर दीड-दोन मीटरवर मुख्य वायरीतून रुळांना एक जोड द्यावा.

प्रश्न : आमचा संच डिजिटल, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा आदेश देणाऱ्या डीसीसी पद्धतीचा आहे. त्यालाही बॅटरी थेट जोडता येईल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : रुळांना थेट कधीही जोडू नये. बॅटरी डीसीसीच्या मुख्य यंत्राला, अडॅप्टरच्या जागी द्यायची असते. पुष्कळ यंत्रांना १५ व्होल्ट डीसी लागते. तसे असेल, तर मध्ये दाब वाढवणारा बूस्ट कन्व्हर्टर घालावा आणि जोडण्यापूर्वी मल्टिमीटर लावून त्याचा दाब नेमका १५ व्होल्टवर बसवावा. कन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर रुळांकडे १ अँपिअर जात असताना बॅटरीतून सुमारे १.४ अँपिअर निघतात. म्हणून फ्यूज ३ अँपिअरचा घ्यावा. बल्बची युक्ती मात्र येथे वापरू नये, कारण शॉर्ट ओळखून वीज तोडण्याचे काम डीसीसी यंत्र स्वतः करते आणि मध्ये बल्ब आला, की त्याला शॉर्ट कळतच नाही.