पॅरिसमधल्या छोट्या ‘उइत्ररी’त पहिल्यांदा कच्ची कालवे खाताना

आपण विचारले आहे की डिसेंबरात आठवडाभर पॅरिसला जाणार आहात, तेथे फक्त कालवे (ऑयस्टर, म्हणजे शिंपल्यातला समुद्री जीव) वाढणाऱ्या एखाद्या छोट्या रेस्टॉरंटमध्ये एकदा तरी जेवायचे आहे, पण आजवर कालवे खाल्ली ती ओल्या खोबऱ्याच्या वाटणात शिजवलेलीच. तेव्हा ती कच्ची खाणे सुरक्षित आहे का, पाटीवरच्या आकड्यांचा अर्थ काय आणि खायची पद्धत कोणती. मी नऊ वर्षे पॅरिसमध्ये राहते आणि माझे माहेर दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरचे आहे. ओहोटीला खडपावर जाऊन बायकांनी फोडून आणलेली कालवे मी लहानपणापासून खाल्ली, मात्र ती कच्ची तोंडात घालता येतील हे इकडे येईपर्यंत मनातही आले नव्हते. त्यामुळे आपल्याला वाटणारा संकोच मला चांगला ठाऊक आहे.

फ्रेंचमध्ये कालवाला ‘उइत्र’ म्हणतात आणि त्याच्या खास दुकानाला किंवा रेस्टॉरंटला ‘उइत्ररी’. अशी जागा सहसा अगदी लहान असते. दहा-पंधरा खुर्च्या, काळ्या पाटीवर खडूने लिहिलेली पाचसहा नावे, आणि दाराशी किंवा ओट्यामागे जाड हातमोजा घालून कालवे उघडत उभा असलेला ‘एकायये’, एवढाच पसारा. चूल जवळजवळ नसतेच. बर्फाचे किंवा समुद्री शेवाळाचे ताट, राय या धान्याचा पाव, खारवलेले लोणी, लिंबू आणि पांढरी वाइन यांपलीकडे फार तर उकडलेली कोळंबी आणि समुद्री गोगलगायी मिळतात. स्वयंपाकाचे कौशल्य अजमावायला येथे जायचे नसते, कारण पदार्थ घडतो तो समुद्रात, सुमारे तीन वर्षांत, आणि शेवटच्या क्षणी सुरीखाली. म्हणून आत गेल्यावर ‘कशात केलेले आहे’ असे न विचारता ‘कुठल्या पाण्यातले आहे’ असे विचारावे. पाटीवरही नाव असते ते त्या पाण्याचेच.

आकड्यांचे कोडे सोपे आहे, पण ते उलटे चालते. नेहमीच्या खोलगट कालवांना ० ते ५ असे क्रमांक असतात आणि आकडा जितका लहान तितके कालव मोठे. ५ क्रमांकाचे शिंपल्यासकट ३० ते ४५ ग्रॅमचे, ३ क्रमांकाचे ६६ ते ८५ ग्रॅमचे, तर ० क्रमांकाचे दीडशे ग्रॅमच्या वरचे. पहिल्यांदा खाणाऱ्याने ३ किंवा ४ क्रमांकाहून मोठे कालव घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. मोठ्या कालवाचा घास तोंडात मावत नाही, आणि मग चव बाजूला राहून माणूस फक्त गिळण्याच्या धडपडीत अडकतो.

आता नावांविषयी. पॅरिसच्या पाट्यांवर सर्वाधिक दिसतात ती अटलांटिक किनाऱ्यावरच्या मारेन-ओलेरों भागातली कालवे, आणि मला त्यांच्याविषयी विशेष माया आहे. तिचे कारण आपल्याला लगेच कळेल. समुद्रात वाढलेली कालवे तेथे शेवटचे काही आठवडे ‘क्लेर’ नावाच्या उथळ, चिकणमातीच्या तळ्यांत ठेवतात, आणि ही तळी म्हणजे मुळात जुनी मिठागरे आहेत. मिठागराच्या बांधांमधून फिरलेल्या माणसाला त्या भागाचे छायाचित्र पाहून आपल्या खाडीकाठची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तळ्यात पाणी संथ, खारेपणा समुद्राहून थोडा कमी, आणि त्यात एक सूक्ष्म शैवाल वाढते, ज्याच्या निळ्या रंगद्रव्यामुळे कालवाच्या कल्ल्यांना हिरवट छटा येते. ताटात हिरवी कड दिसली म्हणजे माल बिघडला असे समजून कृपया ते परत पाठवू नये. ती हिरवाई तेथे मानाची खूण आहे. पाटीवर ‘फीन द क्लेर’ असेल तर ते हलके, पाणीदार आणि सौम्य असते. ‘स्पेसिआल’ म्हटले असेल तर त्यात मांस अधिक भरलेले असते. आणि ‘पुस आं क्लेर’ म्हणजे तळ्यात अत्यंत विरळ ठेवून काही महिने वाढवलेले, जवळजवळ कुरकुरीत लागणारे आणि अर्थातच महाग कालव.

वायव्य फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या कांकालची कालवे याहून खारट आणि रोखठोक चवीची असतात, कारण तेथल्या उपसागरात भरती-ओहोटीतले अंतर मोठ्या उधाणाला चौदा मीटरपर्यंत जाते आणि कालवे सतत ताज्या समुद्राने धुतली जातात. ‘बेलों’ हे नाव मात्र वेगळ्या जातीचे आहे. ते युरोपचे मूळचे चपटे, गोलसर कालव, चवीला धातूसारखे आणि शेवटी हेझलनटसारखे लागणारे. बाकी खोलगट कालवे आज जपानी जातीची आहेत. १८६८मध्ये वादळामुळे जिरोंद नदीच्या मुखाशी अडकलेल्या एका जहाजाने खराब झाली असे समजून पोर्तुगीज कालवे पाण्यात टाकली, ती तगली, पसरली आणि शंभर वर्षे फ्रान्सने खाल्ली. पुढे १९७०च्या सुमारास विषाणूने त्यांचा नाश केला, तेव्हा जपानमधून बीज आणावे लागले. चपटे कालवही रोगांनी इतके घटले की त्याची किंमत कितीतरी जास्त असते.

खाण्याची पद्धत मी जरा सविस्तर सांगते, कारण पहिला अनुभव बिघडतो तो येथे. कालव उघडल्यावर शिंपल्यात जे पाणी असते ते अनेक जण ओतून टाकतात आणि थोडा वेळ थांबतात. मग कालव स्वतः दुसरे पाणी सोडते, जे कमी खारट आणि अधिक चवदार असते. ताटातला छोटा काटा घेऊन कालव शिंपल्यापासून सुटले आहे ना हे पाहावे, नसेल तर खालचा स्नायू अलगद मोकळा करावा. मग शिंपला ओठांशी नेऊन कालव तोंडात घ्यावे आणि चावावे. ते न चावता गिळायचे असते ही समजूत चुकीची आहे, कारण गोडवा दाताखाली आल्यावरच कळतो: आधी मीठ, मग गोडसर चव, आणि शेवटी काकडीसारखा किंवा सुक्यामेव्यासारखा वास. पहिले कालव लिंबाशिवाय, बारीक चिरलेले छोटे कांदे घातलेल्या व्हिनेगरशिवाय, काहीही न लावता खावे. दुसऱ्यावर हवे तर लिंबाचे दोन थेंब पिळावेत. मिरपूड किंवा तिखट सॉस मागण्याचा मोह आपल्या जिभेला होणारच, पण तेवढी एक संध्याकाळ तो आवरावा. मधूनमधून लोणी लावलेल्या पावाचा घास घ्यावा, त्याने खारटपणा निवतो आणि जीभ पुढच्या कालवासाठी तयार होते. सोबत मुस्कादे ही पश्चिम फ्रान्समधल्या नांत शहराच्या परिसरातली कोरडी पांढरी वाइन उत्तम जाते. मद्य घेत नसाल तर साधे पाणी पुरेसे आहे, त्यात कमीपणा काहीच नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न मी हलक्यात घेणार नाही. युरोपीय नियमांनुसार कालवांची क्षेत्रे पाण्यातील जंतूंच्या प्रमाणावरून वर्गात विभागलेली असतात. ‘ए’ वर्गातील माल थेट विकता येतो, ‘बी’ वर्गातील शुद्ध पाण्याच्या टाक्यांत ठेवल्यावरच. प्रत्येक टोपलीवर उगम आणि पॅकिंगची तारीख असलेली आरोग्यचिठ्ठी असते आणि ती पाहायला मागणे मुळीच उद्धटपणाचे नसते. तरीही धोका शून्य होत नाही. २०२३च्या डिसेंबरअखेरीस उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसमुळे नैऋत्य फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरातील कालवांच्या विक्रीवर सुमारे तीन आठवडे बंदी घालावी लागली होती. म्हणून गरोदर स्त्रिया, यकृताचे आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती आणि शिंपलावर्गीय माशांची ॲलर्जी असणारे यांनी कच्ची कालवे टाळावीत. त्यांच्यापैकी कोणी आपल्याबरोबर येणार असेल तर त्यांच्यासाठी भट्टीत भाजलेली किंवा शिजवलेली कालवे देणारी जागा निवडावी. ताटातले कालव जिवंत आहे का, हे मात्र आपले आपल्यालाच तपासता येते. त्याच्या काळसर झालरीला काट्याचे टोक लावले किंवा लिंबाचा थेंब टाकला की ती आकसते. वास समुद्राचा असावा. शिंपला कोरडा असेल किंवा वास उग्र असेल तर ते बाजूला ठेवून वाढणाऱ्याला दाखवावे. माझ्या ताटात एकदा असे निघाले होते, आणि एकाही प्रश्नाशिवाय त्याच्या जागी दुसरे आले.

डिसेंबर हा महिना आपण उत्तम निवडला आहे. नावात ‘र’ असलेल्या महिन्यांतच कालवे खावीत हा नियम जुना आहे. १७५९च्या राजाज्ञेने तर त्याहून लांब, एप्रिल ते ऑक्टोबर, विक्रीवर बंदी घातली होती, कारण उन्हाळ्यात कालवांचे प्रजनन होते आणि त्या काळी उष्णतेत माल पॅरिसपर्यंत टिकतही नसे. आज उन्हाळ्यातही कालवे मिळतात, पण तेव्हा ती दुधाळ आणि मऊ लागतात, तर थंडीत ती घट्ट असतात. नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या आसपास मात्र सारे शहर कालवांवर तुटून पडते, तेव्हा छोट्या जागी आधी फोन करून खुर्ची राखून ठेवावी, आणि बारा कालवांपेक्षा कमी देतात का हेही तेव्हाच विचारावे, कारण काही ठिकाणी माणशी डझनाचीच ऑर्डर घेतात. सहा मिळत असतील तर आधी ३ क्रमांकाची फीन द क्लेर सहा मागवावीत. ती संपल्यावर जिभेला अजून हवीशी वाटली तर कांकालची तीन घ्यावीत, आणि बेलों घ्यायचेच असेल तर सर्वात शेवटी एकच घ्यावे, कारण त्याची धातूसारखी चव बराच वेळ तोंडात राहते आणि त्यानंतर फीन द क्लेरचा सौम्यपणा जाणवत नाही.