तोंडी व्यवहारातलं डिपॉझिट आणि घर सोडायचा बेत

एका ताईंनी विचारलंय: "आम्ही चार वर्षं कोल्हापुरात कसबा बावड्यात भाड्यानं राहतो. करार कधी केलाच नाही. भाडं १०,०००. डिपॉझिट ५०,०००, त्यातले ३०,००० बँकेतून गेलेत, २०,००० रोख. नवऱ्याची नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, म्हणून उजळाईवाडीत १३,०००चं घर बघितलंय. तिथं डिपॉझिट ६०,००० मागतात. आमचे मालक काका खालीच राहतात, माणूस चांगला आहे, पण आधीच्या भाडेकरूला पैसे द्यायला सहा महिने लावले होते. शेजारी म्हणतात, पाच महिने भाडंच देऊ नका, डिपॉझिट फिटलं! तसं करावं का? आणि नव्या डिपॉझिटसाठी ८०,०००ची एफडी मोडू की भिशी उचलू?"

ताई, शेजाऱ्यांचा सल्ला अर्धा बरोबर आहे. चूक आहे ती न सांगता करण्यात आणि पाच महिन्यांत. काका खाली राहतात. दुसऱ्या महिन्यालाच जिन्यात गाठ पडेल, "भाडं?" म्हणतील, आणि मग पाणी भरायच्या वेळेपासून गाडी लावायच्या जागेपर्यंत सगळ्यावर कुरबुर सुरू होईल. शिवाय घर बदलायचं ते नवऱ्याची धावपळ वाचावी म्हणून. त्यासाठी पाच महिने कोण थांबतंय?

तुमचं डिपॉझिट म्हणजे दोन वेगळ्या रकमा आहेत. ३०,००० बँकेच्या खात्यात दिसतात, ते कुणी नाकारू शकत नाही. २०,००० रोख गेलेत, त्याचा पुरावा फक्त काकांची आठवण. धोका त्या वीसला आहे, आणि वीस म्हणजे बरोबर दोन महिन्यांचं भाडं. तेवढंच वळतं करून घ्या, तेही विचारून. आज संध्याकाळी खाली जाऊन तोंडी बोला, चहा घ्या. वर आल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच टाका: "काका, आत्ता बोललो त्याप्रमाणे पुढच्या महिन्याअखेर आम्ही घर सोडतोय. तुमच्याकडं डिपॉझिट ५०,००० आहे, त्यातले २०,००० या आणि पुढच्या महिन्याचं भाडं म्हणून धरा. राहिलेले ३०,००० किल्ली देताना द्या. बरोबर ना?"

काकांनी नुसतं "हो" लिहिलं तरी चार वर्षांत झाला नाही तो कागद झाला. पूर्ण ५०,०००ची कबुली, तारीख, वळतं करायला संमती, सगळं त्यात आलं. होकाराचा 👍 पाठवला तरी चालेल. नाही म्हणाले तर वाद घालू नका. दोन्ही महिन्यांचं भाडं ऑनलाइन भरा, शेऱ्यात महिन्याचं नाव टाका. निरोप मात्र पाठवाच. ५०,००० लिहिलेले वाचून त्यांनी आकड्याला हरकत घेतली नाही, तर तेही उपयोगी पडतं.

"लेखी काहीच नाही, मग आमचा हक्क काय" ही भीती आपल्याकडं बहुतेक भाडेकरूंच्या मनात असते. गंमत अशी की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ती उलटी करतो. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. त्यानं ती पाळली नाही, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, मालकानं ते खोटं ठरवेपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे काकांना ऐकवायला सांगत नाही मी. तुम्हाला झोप लागावी म्हणून सांगतोय. नोटिशीचंही तसंच. मुदत ठरलेली नसेल तर महिन्याच्या भाडेकरूनं १५ दिवस आधी लेखी कळवलं की पुरतं, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०६ सांगतं. तुम्ही त्याच्या कितीतरी आधी सांगताय. व्हॉट्सअ‍ॅपसोबत सहीची एक चिठ्ठी हातात द्या, म्हणजे तीही बाजू पक्की.

निघायच्या दिवशी भिंती, नळ, बाथरूमची फरशी, विजेच्या मीटरचं रीडिंग, सगळ्याचे फोटो काढा, काकांना सोबत घेऊन. डिपॉझिट अडकतं ते बहुतेक वेळा रंगकामापायी. चार वर्षांत भिंत मळणारच, पण खिळ्यांची भोकं बुजवून द्या.

किल्ली दिली आणि पैसे आले नाहीत, तर पंधरा दिवसांनी लेखी मागणी करा. पुढं वेळ आलीच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बावड्यातल्या न्याय संकुलात, म्हणजे तुमच्या दारातच. बायकांना तिथं मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. ३०,०००साठी दावा लावायला मी सांगणार नाही, पण तिथून एक पत्र आलं की बरीच माणसं मऊ होतात.

आता नवीन घर परवडतं का ते बघू. भाडं महिन्याला ३,०००नं वाढतंय. जाऊन-येऊन वीस किलोमीटर कमी झाले, महिन्याला सव्वीस दिवस धरले, गाडी लिटरला ४५ देत असेल, तर पेट्रोलचे साधारण १,२०० वाचतात. म्हणजे खरा बोजा १,८००. त्यात एजंटाचं एक भाडं १३,००० आणि टेंपो-हमालीचे पाच-सहा हजार धरले, की पहिलं वर्ष ४०,०००च्या घरात जातं. नवऱ्याची नोकरी पक्की असेल आणि दोन-तीन वर्षं तिथंच राहणार असाल तर जा. वर्षभरात कंपनी बदलायचं चाललं असेल तर हा खर्च मला पटत नाही.

नवीन डिपॉझिटची जमवाजमव करताना काकांकडचे ३०,००० हिशेबातच धरू नका. हातात येईपर्यंत ते तुमचे नाहीत. दोन महिन्यांचं भाडं वळतं झालं तर २०,००० घरातच राहतात, उरले ४०,०००. त्यासाठी भिशी आधी उचलू नका, बोलीत तीन-चार हजार सहज जातात आणि हप्ते चालूच राहतात. एफडी मोडायचीही गरज नाही. तिच्यावर बँकेतून कर्ज काढा. व्याज एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त असतं. ९ टक्के धरलं तरी ४०,०००ला महिन्याला ३०० रुपये. काकांचे पैसे आले की त्यात भरा.

उजळाईवाडीत मात्र नोंदणीकृत करार केल्याशिवाय साठ हजारांतला रुपयाही देऊ नका, आणि द्याल तो बँकेतूनच. अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्के व्याज यांच्या पाव टक्का, तुमच्या बाबतीत चारशेच्या आत. नोंदणी फी धरून सरकारी खर्च दोन हजारांच्या वर जात नाही. मालक टाळाटाळ करत असतील तर तो खर्च तुम्ही करा. करारात रंगकाम कुणाकडं आणि घर सोडल्यावर किती दिवसांत डिपॉझिट परत, या दोन ओळी आहेत का ते सही करण्याआधी वाचून बघा.