रक्त थांबलं म्हणजे माज संपला असं नाही

ताई, तुमची अडचण वाचली आणि २०१९ मधलं आमचंच घर डोळ्यांसमोर आलं. तुमचं कराडला दोन खोल्यांचं घर, अडीच वर्षांचा लॅब्रॅडॉर नर, नऊ महिन्यांची मादी. ती माजावर आलीय, म्हणजे नराशी जोडी लागायच्या काळात, चार दिवसांपासून रक्त जातंय, नर जेवत नाही, रात्रभर दारापाशी रडतो. डायपर लावून आठ-दहा दिवस काढले तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालणार नाही. डायपर फरशी खराब होऊ नये म्हणून असतो, नराला अडवायला नाही. तो दातांनी ओढून काढतो किंवा बाजूला सारतो, दोन मिनिटंही लागत नाहीत. आणि आठ-दहा दिवसांचा तुमचा हिशोबच मला जास्त घाबरवतो, कारण आम्ही नेमके तिथेच फसलो.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. घरात सतत दोन-तीन कुत्री असलेला साधा माणूस आहे. औषधाचं जे काही असेल ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

आम्ही साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला राहतो. घराला मागे परडं आहे. तेव्हा आमच्याकडे बाजी नावाचा कारवानी जातीचा नर होता आणि रस्त्यावरून उचलून आणलेली चिंगी, गावठी, तांबूस रंगाची. चिंगी पहिल्यांदा माजावर आली ती मार्चमध्ये. घरातल्या मोठ्यांच्या डोक्यात पक्कं होतं की कुत्र्यांचा मोसम भाद्रपदात, त्यामुळे फाल्गुनात हे कुठून आलं, काहीतरी दुखणं असेल, असंच पहिले दोन दिवस चाललं. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा जोर भाद्रपदाच्या आसपास असतो हे खरं. पण मादी साधारण दर सहा-सात महिन्यांनी माजावर येते, आणि घरात वाढलेली तर कुठल्याही महिन्यात.

दोघांना वेगळं ठेवायचं एवढं आम्हाला कळत होतं. चिंगी माडीवर, बाजी खाली. नऊ-दहा दिवस नीट गेले. मग रक्त कमी झालं, फिकट झालं, अकराव्या दिवशी जवळजवळ थांबलंच. मी आमच्या नेहमीच्या दवाखान्यात फोन केला. नाव घेत नाही. ज्यांनी उचलला त्यांनी विचारलं, "रक्त थांबलं ना? मग झालं, सोडा आता." डॉक्टरांशी बोलू का म्हटलं तर "त्यात काय विचारायचंय" असं उत्तर. मी विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी होळी होती. स्वयंपाकघरात पुरणाची गडबड, चिंगी बारा दिवस माडीवर कोंडलेली, मला तिची दया आली. आंघोळ घालून तिला परड्यात सोडलं. बाजी तिथेच होता.

ताई, हे नीट लक्षात ठेवा. रक्त जातं तेव्हा मादी नराला जवळ येऊ देत नाही, गुरगुरते, खाली बसते. साधारण नवव्या-दहाव्या दिवसापासून रक्त कमी होऊन गुलाबी किंवा पिवळट पाण्यासारखं व्हायला लागतं, आणि तेव्हाच ती नराला उभी राहते, म्हणजे जोडी लागू देते. खरा धोक्याचा आठवडा तो. म्हणजे आपल्याला वाटतं संपलं, तेव्हा तो सुरू झालेला असतो. हे दिवस प्रत्येक मादीत थोडे मागे-पुढे होतात, म्हणून दहावा की तेरावा यावर डोकं लावू नका. पहिला थेंब दिसला ती तारीख कालनिर्णयवर लिहा आणि तिथून चार आठवडे धरा. पुस्तकात तीन आठवडे म्हणतात, पण ती चाटून स्वच्छ राहणारी असेल तर पहिले दोन-तीन दिवस तुमच्या नजरेतून सुटलेले असतात. रोज सकाळी पांढऱ्या कापसाने टिपून रंग बघा. शेपटीच्या मुळाशी हळूच खाजवा. तिने शेपूट बाजूला केली तर ती नराला तयार आहे, त्या दिवशी दाराची कडी दोनदा तपासा.

मी परड्यात पोचलो तेव्हा दोघं अडकलेली होती. आईने पाण्याची बादली ओतली, मी बाजीला मागे ओढलं. चिंगी अशी ओरडली की तो आवाज अजून कानात आहे. बाजीलाही इजा झाली, आठवडाभर तो धड चालत नव्हता. असं कधीही करू नका. नराच्या इंद्रियाला आत गाठ फुगते, ती आपोआप उतरेपर्यंत दोघं सुटत नाहीत. दहा मिनिटं लागतील, अर्धा तास लागेल. जवळ बसून मादीला धरून ठेवा, तिला पळू देऊ नका, एवढंच आपल्या हातात असतं. ओढून गर्भ थांबत नाही, दोघांना जखमा मात्र होतात.

दुसऱ्या दिवशी धुळवड, दवाखाना बंद. त्याच्या पुढच्या दिवशी त्याच दवाखान्यात नेलं. टेबलावर घेतलंसुद्धा नाही, विचारपूस नाही, एक इंजेक्शन दिलं आणि "पिल्लं होणार नाहीत" म्हणून घरी पाठवलं. कसलं इंजेक्शन, किती दिलं, काहीही लिहून दिलं नाही. मीही मागितलं नाही, आणि हे मला आजही लागतं.

एप्रिलच्या शेवटी चिंगी पाणी प्यायला लागली. दिवसाला तीन-तीन वाट्या रिकाम्या. उन्हाळा आहे म्हणून आम्ही सोडून दिलं. मग जेवण टाकलं, ओकाऱ्या सुरू झाल्या, पोट टणक झालं. खालून काहीच येत नव्हतं म्हणून गर्भपिशवीचा संशयच आला नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी सोनोग्राफी केली. पिशवीत पू भरला होता, तोंड बंद असल्यामुळे बाहेर येत नव्हता. त्याच रात्री ऑपरेशन. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आधी कुठलं हार्मोन दिलंय? मी रात्री नऊ वाजता जुन्या दवाखान्यात फोन केला. "रजिस्टर उद्या बघू." मी म्हणालो, उद्या उपयोग नाही, ती आत्ता टेबलावर आहे. फोन ठेवला गेला. सकाळी स्वतः गेलो तर सांगितलं, आमच्याकडे नोंदच नाही.

त्या इंजेक्शननेच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. माजानंतर दोन महिन्यांत हा आजार इंजेक्शनशिवायही होतो. पण गर्भ पाडायला आणि माज पुढे ढकलायला वापरली जाणारी काही हार्मोन्स हा धोका वाढवतात, हे त्या ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. चिंगी वाचली. पण रात्री दोनपर्यंत आम्ही त्या बाकावर बसून होतो, आणि ज्यांना एक नाव सांगायचं होतं त्यांनी ते सांगितलं नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती, जनावराला काहीही टोचलं तर औषधाचं नाव आणि मात्रा कागदावर घ्या. देत नसतील तर बाटलीचा फोटो काढा. कुणाला राग आला तर येऊ दे. "पाळी पुढे ढकलायचं इंजेक्शन आहे, देऊन टाकू" असं कुणी सहज म्हणालं तर मी तरी घरी निघून येईन.

चुकून जोडी लागलीच तर दोन-तीन दिवसांच्या आत, तपासून मग बोलणाऱ्या डॉक्टरांकडे जा. पर्याय समजून घ्या, त्यात नसबंदीही येते. नऊ महिन्यांच्या पोरीवर पिल्लांचा भार नको, तिचं स्वतःचं अंग अजून भरायचं असतं.

आता वेगळं ठेवण्याचं. माझं मत ठाम आहे, दोन खोल्यांत हे जमत नाही. नराला हलवा, मादीला नाही. मादी जिथे जाईल तिथली सगळी कुत्री गोळा होतील. नर कुणा नातेवाइकाकडे गेला तर दोन दिवस रडेल आणि जेवायला लागेल. अगदीच शक्य नसेल तर दोघांमध्ये नेहमी दोन बंद दारं हवीत. एक दार कुणीतरी उघडं टाकतंच, पाहुणा असो, पोरगं असो. जाळीचं दार धरू नका, जाळीतूनही जोडी लागल्याची उदाहरणं आहेत. गच्चीवर, परड्यात तिला एकटीला सोडू नका, फिरायला पट्टा लावूनच न्या. आमच्या परड्याची भिंत पाच फुटांची होती, बाहेरचा एक नर ती सहज चढून आलेला मी पाहिलाय. शेपटीला बाम किंवा अत्तर लावायचे उपाय लोक सांगतात. त्याने तिची कातडी जळते, नराला काही फरक पडत नाही. भाऊ-बहीण आहेत, आई-मुलगा आहेत, ते काही करणार नाहीत, हेही मनातून काढून टाका. कुत्र्यांना नातं कळत नाही.

नराची नसबंदी आज केली तरी या वेळेला उपयोग नाही, नंतरही महिनाभर तरी त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात. मादीची माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी करा, कारण माजात त्या भागाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो. जवळ सोय नसेल तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दवाखानाही आहे. कराडहून लांब पडेल, पण विचारून बघा. आणि पहिल्या माजात कधीकधी असं होतं की सुरू होऊन थांबतो आणि काही आठवड्यांनी परत येतो, तेव्हा तारीख परत मोजावी लागेल.

तुमचा आज चौथा दिवस आहे, म्हणजे अजून चार-पाच दिवस हातात आहेत. रविवारची वाट बघू नका, नराला उद्याच पोचवा. बरोबर त्याची नेहमीची वाटी, झोपायची गोधडी आणि लसीचं कार्ड द्या. पहिल्या रात्री तुमचा एखादा वापरलेला टॉवेल त्याच्याजवळ टाकायला सांगा, बाजी त्यावर डोकं ठेवून झोपायचा. टॉवेल मात्र मादीच्या खोलीतला नको.