बाबांची गिटार मी एकट्याने विकू शकतो का?

प्रश्न (फोंड्याहून एक वाचक): बाबा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला होते. लग्नाआधी त्यांनी बोटीवरून येताना मार्टिन कंपनीची डी-28 गिटार आणली. आतल्या क्रमांकावरून ती 1966 सालची निघाली. गेल्या वर्षी बाबा वारले, मृत्युपत्र केलेले नाही. हणजूणला उतरलेल्या एका विदेशी माणसाकडून मी 25,000 रुपये इसारा घेतला आहे. मडगावची बहीण विकायला नको म्हणते, हे त्यालाही ठाऊक आहे. आई गप्प आहे. आम्ही दोघेच भावंडं, आणि गिटार मीच वाजवत आलो. मग ती माझीच ना?

उत्तर: नाही, तुमच्या एकट्याची नाही.

गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर काही ठराविक अपवाद सोडून नवरा-बायकोची सगळी मालमत्ता एकत्र होते. लग्नाआधी घेतलेल्या वस्तूही त्यात येतात. त्यामुळे बाबांच्या मालमत्तेतला अर्धा भाग आईला वारसा म्हणून मिळालेला नाही, तो मुळातच तिचा आहे. उरलेल्या अर्ध्यावर तुम्हा भावंडांचा सारखा हक्क. म्हणजे रुपयातले आठ आणे आईचे, चार तुमचे आणि चार बहिणीचे. वारशाने आलेला हिस्साही लग्नाच्या सामायिक मालमत्तेत जातो, म्हणून तुमच्या पत्नीची आणि बहिणीच्या नवऱ्याचीही सही घ्या. आईचे गप्प राहणे ही संमती धरू नका. आयुष्यभर घर सांभाळलेल्या बाईला नीट बसून विचारायलाच हवे.

हे हिस्से सबंध मालमत्तेत असतात, एकेका वस्तूत नव्हे. त्यामुळे वाटणीत अख्खी गिटार तुमच्या वाट्याला येऊ शकते आणि त्या किमतीइतके बहिणीला दुसरीकडून देता येते. हे घरीच लिहून, सगळ्यांच्या सह्यांनी ठरले तर उत्तम. नाहीच जमले तर 2012 च्या गोवा उत्तराधिकार कायद्याखाली इन्व्हेंटरीचा, म्हणजे मालमत्तेची यादी करून कोर्टामार्फत वाटणीचा दावा आहे, त्यात एखाद्या वस्तूवर वारस आपापसात बोलीही लावू शकतात. पण एका गिटारीसाठी कोर्टाची पायरी चढू नका, असे मी मनापासून सांगेन.

दुसरी अडचण लाकडाची. 1969 पर्यंतच्या डी-28 ची पाठ आणि बाजू ब्राझिलियन रोजवुडच्या असत. हे झाड 1992 पासून सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वात कडक यादीत आहे. 2019 मध्ये तयार वाद्यांना जी सूट मिळाली ती इतर रोजवुडांना, याला नाही. गिटार 1992 च्या आधीची असल्याचे प्रमाणपत्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या सायटिस अधिकाऱ्यांकडून घेतल्याशिवाय ती देशाबाहेर नेली, तर विमानतळावर जप्त होऊ शकते. पाहुणा ती खांद्याला लावून दाबोळीहून सरळ निघेल, असे गृहीत धरू नका. शंभर वर्षे पूर्ण झालेली नसल्याने पुरावस्तू कायदा मात्र लागत नाही.

तोवर गिटार जपणे तुमच्याकडे आले. तारा थोड्या सैल करा, पावसाळ्यात केसमध्ये ठेवा, आतल्या क्रमांकाचा फोटो काढून बहिणीला पाठवा. नवे पॉलिश करू नका, जुन्या वाद्याची किंमत त्याने उतरते.

इसारा खर्च केला असेल तर आधी तेवढी रक्कम उभी करा. बहिणीची हरकत माहीत असल्याने "मला कल्पना नव्हती" असे त्या माणसालाही म्हणता येणार नाही. सर्व वारसांच्या लेखी संमतीशिवाय व्यवहार होणार नाही असे त्याला आजच लिहून कळवा आणि 25,000 रुपये बँकेतूनच परत करा.